कृपया फुंका

मराठी शिकवण्यात माझी अर्धी हयात गेली, पण ‘फुंकणे’ या क्रियापदाने माझा जेवढा छळ केला तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाने केला नाही. चूल फुंकतात, शंख फुंकतात, बिड्या फुंकतात, लोकांचे कान फुंकतात. माझ्या धाकट्या दिरांनी पैसे फुंकले. मग एक दिवस पुण्याहून कुरिअरने एक काळी डबी आली आणि त्या डबीत फुंकल्याबद्दल त्यांना बक्षिसं मिळायला लागली. मी वर्गात या शब्दाचे अर्थ सांगते तेव्हा हा अर्थ वगळते.

भाऊजींचं क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरची जळालेली मोटार त्यांच्याकडे आली की तारेचे वेढे नव्याने भरून ती अशी करून देतात की गिऱ्हाईक परत म्हणून येत नाही, हीच त्या धंद्यातली अडचण. हात सोन्याचा. पण संध्याकाळ झाली की त्या हाताला कापरं भरायचं, आणि ते थांबवायला भाऊजी जिथे जायचे तिथून परतताना त्यांना आमचं गेट सापडायचं नाही. शेजाऱ्यांचं बरोबर सापडायचं.

आम्ही खाली, ते वर, असं एकाच घरात राहतो. त्या दिवशी सगळे खालीच होतो. माझी पुतणी, म्हणजे भाऊजींची लेक, तेव्हा बालवाडीत होती. तिच्यापुढे बशीत गरम दूध होतं. भाऊजी नुकतेच आले होते, पाय जागेवर नव्हते, पण माया उतू चालली होती. ‘‘थांब, मी गार करून देतो,’’ म्हणत ते बशीवर वाकले. पोरीने बशी अलगद स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, ‘‘पप्पा, तुम्ही नका फुंकू. दूध कडू लागतं.’’

रागाने नाही बोलली. भाजीत मीठ जास्त झालंय हे जसं सांगावं, तसं सांगितलं. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या जावेने ते ऐकलं. मी तिच्या जागी असते तर आधी बशी फोडली असती आणि मग बोलायला सुरुवात केली असती. तिने रात्रीच पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लेकीला घेऊन ती पैठणला माहेरी निघाली. गेटपाशी मला एवढंच म्हणाली, ‘‘ताई, आता त्यांच्या शब्दावर मी नाय येणार. शब्द लई झाले.’’

तिचं खरं होतं. भाऊजींनी आजवर मुलीची शपथ घेतली होती, आईची घेतली होती, एकदा खुलताबादला जाऊन देवासमोर नारळ फोडला होता. व्यसनमुक्ती केंद्रातही दोनदा राहून आले होते. दोन्ही वेळा तिथून वजन वाढवून आले आणि महिन्याभरात ते उतरवलं. शेवटी आमच्या ह्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला. त्या फोनवरूनच उपचार करतात म्हटल्यावर मी म्हणाले, समोर बसवून जो माणूस ऐकत नाही तो फोनवर काय ऐकणार. आमचे हे जास्त बोलत नाहीत. त्यांनी फक्त फी भरली.

बाईंनी आधी भाऊजींना आठवडाभर इथल्याच दवाखान्यात ठेवायला लावलं. एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, घरी प्रयोग करायचे नाहीत, असं आम्हाला दटावून सांगितलं. नंतर गोळ्या सुरू झाल्या, आणि नंतर ती डबी आली. डबी फोनला जोडलेली. फोन दिवसातून कधीही किणकिणायचा, आणि आतून एक बाई अतिशय सुसंस्कृत आवाजात म्हणायची, ‘‘कृपया फुंका.’’ मग कॅमेऱ्याकडे तोंड करून डबीच्या नळीत फुंकायचं. बाई म्हणत राहायची, ‘‘आणखी... आणखी... आणखी...’’ आणि माणसाचा जीव कंठाशी आला की म्हणायची, ‘‘धन्यवाद.’’ दारू नसली तर हिरवी खूण, असली तर लाल. खूण आणि फोटो डॉक्टरांकडे जायचे, माझ्याकडे यायचे, आणि भाऊजींच्याच सांगण्यावरून पैठणलाही जायचे. जाऊबाईने त्याला एकच अट घातली होती. सगळं हिरवं राहू दे, मग मी बघते.

हिरवी खूण मिळाली की फोनवर एक चक्र यायचं. रंगीत, जत्रेत असतं तसलं. बोट लावून ते फिरवायचं. बऱ्याचशा घरांत नुसतं ‘शाब्बास!’ लिहिलेलं, काहींत टॉवेल, डबा, छत्री, आणि एका घरात मिक्सर. जितके दिवस सलग हिरवे, तितकं जास्त वेळा फिरवायला मिळायचं. एकदा लाल झालं की पुन्हा पहिल्यापासून.

मला हे अजिबात पटलं नाही. मी डॉक्टरीणबाईंना तोंडावर, म्हणजे स्क्रीनवर, विचारलं, ‘‘न पिण्याचं बक्षीस कसलं? मी जन्मात थेंब घेतला नाही. माझा मिक्सर कुठंय?’’

बाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या, पण हजरजबाबी. म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुम्ही वर्गात चांगल्या अक्षराला चांदणी देता ना? अक्षर चांगलं असण्याचा फायदा मुलाला कळायला वर्षं जातात. तोवर चांदणीवर भागवावं लागतं. दारू लगेच बक्षीस देते. न पिण्याचं बक्षीस उशिरा येतं. मधल्या काळात आपण थोडं थोडं देत राहायचं.’’

म्हणजे आम्ही भरलेल्या फीतूनच आम्हाला टॉवेल.

भाऊजींना मात्र तो टॉवेल लागला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आयुष्यात त्यांना काही लागल्याचं मला आठवत नाही. लग्नात मिळालेलं घड्याळसुद्धा बंदच निघालं होतं. तो टॉवेल त्यांनी कुणाला वापरू दिला नाही. दुकानात मोटारींच्या वर खिळ्याला लावून ठेवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवला. त्यांचं खरं लक्ष मिक्सरवर होतं. जाऊबाईचा मिक्सर त्यांनी एकदा ‘दुरुस्त करून आणतो’ म्हणून नेला होता आणि तो पुढे कुठे गेला ते घरात कुणी विचारलं नव्हतं. चक्र फिरायला लागलं की भाऊजी श्वास रोखून बघायचे. काटा मिक्सरच्या घरात रेंगाळायचा आणि शेजारच्या ‘शाब्बास’वर जाऊन बसायचा.

एकदा तर क्रांती चौकात, सिग्नलवरच, फोन किणकिणला. ठरल्या वेळात फुंकलं नाही तर लाल धरतात, म्हणून भाऊजींनी स्कूटर कडेला घेतली आणि भर चौकात डबी तोंडाला लावली. वाहतूक हवालदार शिट्टी तोंडात धरून जवळ आला.

‘‘ओ भाईसाब, ये क्या चल रहा?’’

भाऊजींनी हाताने थांबा म्हणून सांगितलं, कारण फोनातली बाई अजून ‘आणखी’वर होती. धन्यवाद झाल्यावर त्यांनी हिरवी खूण दाखवली. हवालदाराने खूण पाहिली, भाऊजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आम्ही हात जोडतो तरी लोक फुंकत नायत. तुम्ही घरून मशीन घेऊन येता?’’ तेव्हापासून तो हवालदार त्यांना लांबून सलाम करतो.

खरी पंचाईत घरात झाली. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, गल्लीत सगळे मान देतात. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. लेक दारू सोडण्यासाठी डबीत फुंकतो हे लोकांना कसं सांगायचं? गच्चीवरून तर ‘कृपया फुंका’ अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. शेजारच्या काकूंनी विचारलंच, ‘‘कुणाकडून फुंकून घेताय का? उतारा आहे का काही?’’ आत्याबाईंनी जागच्या जागी ठोकून दिलं, ‘‘त्याला दमा झालाय. दम्याचं मशीन हाय ते.’’

झालं. ज्या गल्लीने दारूसाठी कधी एक शब्द काढला नव्हता ती दम्यासाठी धावून आली. कुणी अडुळसा आणला, कुणी मध, कुणी एका वैद्याचा पत्ता. भाऊजी गल्लीतून निघाले की बायका त्यांना सावकाश चालायला सांगायच्या. आणि रोज रोज सांगून आत्याबाईंना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. मोटारीच्या वेढ्यांना लावतात त्या वॉर्निशच्या वासाने भाऊजी जरा खोकले की त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणायच्या, ‘‘दम लई लागतो गं त्याला.’’ मी म्हणायचे, ‘‘आत्याबाई, दमा तुम्हीच लावलाय त्यांना.’’ त्या दुसरीकडे बघायच्या.

असं करत करत सगळं हिरवं राहिलं. पुष्कळ राहिलं. जाऊबाईचा फोन आला की येत्या रविवारी लेकीला घेऊन येते, आधी दोन दिवस राहून बघते. भाऊजींनी वरची खोली धुऊन काढली, पंख्याची पातीसुद्धा पुसली. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी भाऊजी जेवायला घरी आले. जेवण झालं, हात धुतले, आणि फोन किणकिणला. त्यांनी नेहमीसारखं फुंकलं. बाई नेहमीसारखी धन्यवाद म्हणाली. आणि खूण लाल आली.

‘‘मद्यांश आढळला. कृपया थोड्या वेळाने पुन्हा फुंका.’’

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘वहिनी, मी नाय घेतली.’’

वही घरी विसरली म्हणणाऱ्या पोरांकडे मी जसं बघते तसंच बघितलं असणार, कारण भाऊजींचा चेहरा पडला आणि लगेच तापला. ‘‘तुमाला बी खोटं वाटतंय ना? मग कशाला फुंकू पुन्हा?’’ त्यांनी डबी चपलांच्या मांडणीवर आपटली, फोन बंद करून टाकला आणि स्कूटर काढून गेले. पुन्हा फुंकायची वेळ टळून गेली. लाल ते लालच राहिलं. चक्र पहिल्या पायरीवर आलं.

तासाभरात पैठणहून फोन. ‘‘ताई, लाल दिसतंय.’’

‘‘हो गं.’’

‘‘मग रविवारचं राहू द्या,’’ ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी तिला नीट उत्तरही दिलं नाही.

भाऊजी त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आले. सरळ आमच्याच गेटातून आले. जेवले नाहीत, वर गेले. मी जिन्यात उभी राहून वास घेतला. वॉर्निशशिवाय काही लागलं नाही, पण त्या दिवशी माझा माझ्या नाकावरही भरवसा नव्हता.

शनिवारी दुपारी ह्यांच्या फोनवर डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ कॉल होता. जेवणं आटोपून आम्ही सगळे बैठकीत बसलो. भाऊजी फोनसमोर मान खाली घालून. बाई शांतपणे विचारत होत्या, काल काय काय खाल्लं, काय प्यायलं, खोकल्याचं औषध वगैरे घेतलं का. भाऊजी एकच वाक्य म्हणत होते, मी नाय घेतली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंना ते सहन झालं नाही. त्या तरातरा आल्या.

‘‘माझं लेकरू खोटं बोलत नाय! आजवर प्याला, पण प्यालो नाय असं कधी म्हणला व्हय? तुमचं यंत्रच खोटं हाय. आना इकडं. मी फुंकते. मग बघा!’’

आम्ही हो-ना करेपर्यंत त्यांनी डबी उचलून तोंडाला लावली. भाऊजींच्या फोनातल्या बाईला माणसांचा भेद नाही. ती म्हणाली, कृपया फुंका. आत्याबाईंनी आयुष्यभर चुली फुंकल्यात, त्यामुळे दम असा की ‘आणखी’ म्हणायची वेळच आली नाही. धन्यवाद.

लाल.

स्क्रीनवर डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. ‘‘आजी,’’ त्या शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, ‘‘तुम्ही... काही घेतलंय का?’’

‘‘मी?’’ आत्याबाईंनी माळेला हात लावला. ‘‘मी घेन व्हय? जेवले, आन जेवल्यावर माझं द्राक्षासव घेतलं दोन झाकणं. रोज घेते. बस.’’

‘‘आणि ह्यांना?’’

‘‘त्याला बी दिलं की काल. दम लागतो ना त्याला.’’

मी उठून फडताळातली बाटली आणली. आमच्या घरात द्राक्षासव हे औषधात मोजतच नाहीत. जेवणानंतर कुणी पान खातं तसं आत्याबाईंचं ते असतं, म्हणून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. चष्मा लावून मी लेबलावरची बारीक अक्षरं वाचली. ‘स्वयंजनित मद्यार्क’. मराठीची शिक्षिका असून हा शब्द मला तोवर भेटला नव्हता. बाईंनी उलगडून सांगितलं, औषध मुरताना आपोआप तयार होते ती दारू. थोडीशीच असते. पण नुकतीच घेतली असेल तर तोंडात राहते, आणि मशीनला तेवढी पुरते. त्यांनी आत्याबाईंना चूळ भरायला लावली, थोडं थांबायला लावलं आणि पुन्हा फुंकवलं. हिरवं आलं. काल भाऊजी रागावून गेले नसते तर त्यांचंही आलं असतं. बाईंनी कालची खूण खोडते म्हणून सांगितलं, आणि ती बाटली घरात पुन्हा दिसता कामा नये असंही बजावलं.

आत्याबाई खुर्चीत बसल्या. ‘‘म्हंजी मी रोज, इतकी वर्षं...’’

‘‘थोडीशी, आजी.’’

आत्याबाईंनी बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘तरीच.’’

‘‘तरीच काय?’’ मी विचारलं.

‘‘तरीच जेवल्यावर लई बरं वाटायचं.’’

आमचे हे, जे कधी हसत नाहीत, ते उठून गॅलरीत गेले आणि तिथून त्यांचे खांदे हलताना दिसले. भाऊजी मात्र आईजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, ‘‘माय, बंद केल्यावर पयले काही दिवस चिडचिड व्हते. माझ्यासंगं बसत जा.’’ हे ते चेष्टेने म्हणाले नाहीत. आत्याबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, ‘‘मला बी फिरवू देतील का ते चक्र?’’

तेवढ्यात माझा फोन वाजला. पैठण.

‘‘ताई,’’ जाऊबाई गोंधळून म्हणाली, ‘‘आज परत लाल आलंय. पण फोटो आत्याबाईंचा हाय.’’

मी सगळं सांगितलं. सांगताना मला हसू आवरेना आणि तिकडे ती इतकी हसली की फोन तिच्या आईने घेतला आणि काय झालं म्हणून मलाच विचारलं. मग फोन पुन्हा तिच्याकडे आला. तिचं हसू ओसरलं होतं.

‘‘म्हणजे काल त्यांनी घेतली नव्हती.’’

‘‘नाही गं.’’

‘‘आन कुणी विश्वास ठेवला नाय. तुम्ही बी नाय, मी बी नाय. मी येत नाय म्हणलं. त्यांचं चक्र बी गेलं.’’

‘‘हो.’’

‘‘एवढं झाल्यावर रात्री तरी घेतली का त्यांनी?’’

हा प्रश्न मला सुचला नव्हता. डॉक्टरांना, मशीनला, कुणालाच सुचला नव्हता. मी बैठकीकडे पाहिलं. भाऊजी आईला डबीची नळी कशी धुवायची ते दाखवत होते.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘सरळ घरी आले. जेवले नाहीत, पण घेतली नाही. आज सकाळचं हिरवंच होतं, तू बघितलं नसशील.’’

तिकडे तिने आईला गाडीची वेळ विचारली.

‘‘उद्या दुपारच्या गाडीने येते,’’ ती म्हणाली.

रविवारी भाऊजी एसटी यायच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर आत्याबाईंनी पोरीला दूध तापवून दिलं. बशीत वाफ निघत होती. पुतणीने बशीकडे पाहिलं, समोर अंग चोरून बसलेल्या बापाकडे पाहिलं, आणि बशी त्यांच्याकडे सरकवली.

‘‘पप्पा, फुंका.’’

भाऊजींनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती बघत होती. मग ते बशीवर वाकले, आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने, छाती भरून, न थांबता, शेवटच्या दमापर्यंत त्यांनी फुंकलं. अर्धं दूध उडून जाऊबाईच्या साडीवर गेलं.

तिने पदर झटकला. डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

‘‘अहो, हळू,’’ ती म्हणाली. ‘‘मशीन नाय ती.’’